सातचा आकडा

"मॅडम, तुम्ही कधी खरा अतिरेकी पाह्यला का?"

हा प्रश्न माझा नव्हता. तृप्तीनं आणि मागच्या बाकावरच्या चौघींनी पैज लावून तो माझ्या गळ्यात घातला होता. आठवीपर्यंत मी हजेरीलासुद्धा पुटपुटणारी मुलगी. पण यंदा दहावीत आल्यापासून मला कशाचीच भीती वाटेनाशी झाली होती. त्यामुळं ऑगस्टमध्ये शाळेच्या हॉलमध्ये पाहुण्यांचं भाषण संपलं, सरांनी 'कोणाला काही विचारायचं?' म्हटलं, आणि मी ताडकन उभी राह्यले.

पाहुण्या म्हणजे प्रियदर्शनी मॅडम. आमच्याच जुन्या जालन्यातल्या, आमच्या घरापासून दोन गल्ल्या सोडून राहणाऱ्या. दहशतवाद आणि लष्कर या विषयावर त्या लिहितात. दर मंगळवारी आणि शुक्रवारी पेपरच्या सहाव्या पानावर त्यांचा लेख असतो. हे सगळं मला त्या दिवशीच कळलं, कारण सहावं पान आमच्या घरी चपात्यांच्या डब्यात जायचं.

मॅडमनी ग्लासातलं पाणी संपवलं. "नाही," त्या म्हणाल्या. "एकदाही नाही. मी कागद पाहिलेत. एकोणीस वर्षं नुसते कागद. पुढचा प्रश्न?"

हॉल हसला. पुढचा प्रश्न कुणाकडंच नव्हता.

व्हरांड्यात त्यांनी मला गाठलं. "तो प्रश्न तुझा होता, का कुणी विचारायला लावला?"

"लावला, मॅडम. कचोरीवर पैज होती."

"मंग मिळाली का कचोरी?"

"मधल्या सुट्टीत देणारेत."

"बरं. मोबाइलवर मराठी टाइप येतं का तुला?"

येत होतं. मॅडमच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता, एकाचं ऑपरेशन झालं होतं, दुसऱ्याचं व्हायचं होतं, आणि त्यांचं हस्ताक्षर पेपरच्या ऑफिसात कुणालाच लागत नव्हतं. दुसऱ्या दिवसापासून शाळा सुटली की मी त्यांच्याकडं जायला लागले. तृप्ती म्हणाली, "आता ही बंदूक घेऊन येईल वर्गात." मी म्हटलं, "आधी तुझ्यावरच चालवून बघते."

मला वाटलं होतं, अशा विषयावर लिहिणाऱ्या बाईचं घर म्हणजे भिंतभर नकाशे, लाल पिना, दोन-तीन फोन. घर होतं कापडाच्या दुकानाच्या वर, दोन खोल्यांचं. नकाशा एकच, तोही शाळेतला, घडीवर फाटलेला. बाकी सगळे साड्यांचे रिकामे खोके. खालच्या दुकानदाराकडून घ्यायच्या त्या. प्रत्येक खोक्यावर एका ठिकाणाचं नाव आणि आत कात्रणं, संसदेतल्या प्रश्नोत्तरांच्या प्रती, कोर्टाचे निकाल, निवृत्त हवालदारांची पत्रं. वर पैठणीचं चित्र आणि आत बॉम्बस्फोटाचा तपास.

मॅडमची गोष्ट मला एकदम कळली नाही, तुकड्या-तुकड्यानं कळली, आणि प्रत्येक तुकड्याला माझं डोकं तापायचं. राज्यशास्त्रात एम. ए. करून त्या पेपरात लागल्या, एजन्सीच्या बातम्यांचं भाषांतर करायला. एकदा कुठल्याशा हल्ल्याची बातमी पेपरानं इतकी चुकीची छापली की जिल्हासुद्धा दुसराच. मॅडमनी ती दुरुस्त करून संपादकांसमोर ठेवली. संपादक म्हणाले, तुम्ही महिलांची पुरवणी बघा. त्या पुरवणी बघत राह्यल्या आणि बाजूला हे शिकत राह्यल्या. स्तंभ मिळायला सहा वर्षं गेली. मिळाला तर वाचकांची पत्रं यायची 'माननीय मेजर साहेब' म्हणून. मंठ्याला एकदा व्याख्यानाला गेल्या, तर गाडीतून उतरल्या-उतरल्या संयोजकांनी हार ड्रायव्हरच्या गळ्यात घातला.

"मग तुम्ही काय केलं?"

"काय करणार? त्याला म्हटलं, भिवा, राहू दे, शोभतो तुला."

त्या हसायच्या. मला हसू यायचं नाही. टीव्हीवाल्यांचे फोन तर मी स्वतः ऐकलेत. "मॅडम, चाळीस सेकंद द्यायचेत, आणि जरा चिडून बोला."

"कशावर चिडू? अजून नीट काही कळलंच नाही."

"मग राहू द्या, मॅडम."

आणि पाच मिनिटांनी त्याच चॅनेलवर दुसरंच कुणीतरी चिडून बोलत असायचं.

तीन पुस्तकं त्यांनी लिहिली. तिन्ही पुस्तकं खाटेखाली गठ्ठ्यानं पडलेली. मी विचारलं, "तुम्हाला राग कसा येत नाही?" तर म्हणाल्या, "येतो ना. पण राग आला की मी तारीख तपासते."

त्यांची लिहायची एक पद्धत होती. पाठकोऱ्या कागदावर बॉलपेननं भराभर लिहायच्या, आणि जी गोष्ट दोन वेगवेगळ्या ठिकाणांहून पक्की झाली नाही, तिथं एक रिकामा चौकोन काढायच्या. आकडा असो, नाव असो, गावाचं अंतर असो. चौकोन भरला तर लेख पुढं. नाही भरला तर ते वाक्य सरळ काढून टाकायचं, कितीही चांगलं असलं तरी. मी आधी हसले होते. पण महिन्याभरात मला त्या चौकोनांची सवय झाली. शाळेत इतिहासाच्या पेपरातसुद्धा मी एक चौकोन काढला. बाईंनी अर्धा मार्क कापला.

डिसेंबरात तो हल्ला झाला. बुधवारी सकाळी, सीमेजवळच्या डोंगरी रस्त्यावर लष्कराच्या एका ट्रकवर. मॅडमनी त्याच दिवशी लिहायला घेतलं. त्या रस्त्याचं एक वळण धोक्याचं आहे, तिथून गाड्या एकट्या सोडू नका, असं तीन वर्षांपूर्वीच्या एका अहवालात छापील होतं. तो अहवाल मॅडमच्या खोक्यात होता. दुसऱ्या कुणाकडं असेल तर माहीत नाही, पण कुणी काढला नाही. टीव्हीवर नुसता आरडाओरडा चालला होता, आणि इथं जुन्या जालन्यात साडीच्या खोक्यात खरं कारण पडलेलं होतं. मला असं झालं होतं की कधी एकदा छापून येतं.

लेखातलं मुख्य वाक्य असं होतं: 'त्या ट्रकमध्ये सात जवान होते, त्यांपैकी □ जण गेले, आणि ते का गेले याचं उत्तर तीन वर्षांपासून सरकारी कागदावर आहे.'

गुरुवारी मॅडमच्या दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन ठरलेलं होतं. जाताना त्या म्हणाल्या, "अक्षता, सहावं पान दुपारी चारला छपाईला लागतं. चारच्या आत लष्कराचं निवेदन आलं तर त्यातला आकडा घाल. न्हाई आलं तर ते वाक्य काढ आणि लेख पाठव. मला फोन लागणार नाही."

"हो, मॅडम."

शाळेला दांडी मारून मी त्यांच्या खोलीत बसले होते. निवेदन येईना. अडीच वाजले, तीन वाजले. वाक्य काढून मी लेख वाचून बघितला, तर तो कणा काढल्यासारखा झाला. एवढी मेहनत, एवढा अहवाल, आणि वाचणाऱ्याला काही टोचणारच नाही. साडेतीनला मी मोबाइलवर बातम्या लावल्या. एका चॅनेलवर 'सातही जवान शहीद'. दुसऱ्यावर तेच. तिसऱ्यावर तेच, वर काळी पट्टी. मी हिशोब केला, मॅडमना दोन लागतात, माझ्याकडं तीन आहेत.

मी वाक्य थोडं बदललं. 'त्या ट्रकमध्ये सात जवान होते, सातही गेले.' खरं सांगते, ते मला मॅडमच्या वाक्यापेक्षा भारी वाटलं. तीन पन्नासला पाठवलं आणि खाली जाऊन रसवंतीवर एक ग्लास रस पिऊन आले.

शुक्रवारी सकाळी पप्पांनी पेपर आणला. पहिल्या पानावर मोठी बातमी होती: चार शहीद, तीन जखमी. लष्कराचं निवेदन रात्री आलं होतं. पहिलं पान रात्रीच लागतं. मी सहावं पान उघडलं. माझं वाक्य तिथं होतं, जसंच्या तसं.

तरी मी मनाची समजूत घातली की आकड्याचं काय, उद्या दुरुस्ती देतील. पप्पा गाडी काढून शाळेवर गेले. पप्पा जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहेत, वाटूरच्या पुढं आत खोरवाडी म्हणून गाव आहे, तिथं. रोजचं जाणं-येणं. अकरा वाजता त्यांचा मम्मीला फोन आला. त्या दिवशीही मी शाळेत गेले नव्हते, शेजारीच होते.

"आज शाळा भरली न्हाई," पप्पा म्हणाले. "गावातला कल्याण त्या ट्रकमधी होता म्हणतेत. सगळं गाव चतुराबाईच्या दारात हाय."

पुढचं सगळं पप्पांनी संध्याकाळी सांगितलं. कल्याण हा चतुराबाईंचा एकुलता मुलगा, फौजेत चार वर्षं. दोन दिवस त्याचा फोन लागत नव्हता. शुक्रवारी सकाळी हॉटेलात धर्मराजनं रोजच्यासारखा पेपर मोठ्यानं वाचला. धर्मराज रोज वाचतो, बाकीचे चहा पीत ऐकतात. पहिल्या पानावर चार गेले, तीन जखमी, नावं नाहीत. म्हणजे आशा होती. मग त्यानं सहावं पान काढलं.

"एकजण म्हणला, पहिल्या पानावर चारच लिव्हलेत की," पप्पा सांगत होते. "तर धर्मराज म्हणला, पहिल्या पानावर सरकार सांगतंय तेवढं छापतेत. बाई आपल्या जालन्याची हाय. बाई आजवर चुकली न्हाई. बाईनं सातही लिव्हलंय."

बस. त्यावर गावानं विश्वास ठेवला. बायका जमल्या. कल्याणची बायको बेबीनंदा, लग्नाला दीड वर्ष झालेलं. तिच्या बांगड्या फोडल्या. कुंकू पुसलं.

दुपारी एक वाजता लष्कराच्या दवाखान्यातून फोन आला. कल्याणच्या मांडीत गोळी होती. तो स्वतः बोलला. पहिलं विचारलं की बेबी कुठंय.

मम्मी म्हणाली, "चला, जिवंत हाय ना. गंगेत न्हालं."

"काय गंगेत न्हालं?" पप्पा म्हणाले. "आता बाया भांडून राहिल्यात, बांगडीला हात पहिल्यांदा कुणी लावला म्हणून. ती म्हणती हिनं, ही म्हणती तिनं. पोरीला नवऱ्याच्या फोनवर नीट बोलता येईना. जिवंत माणसाच्या बांगड्या फोडल्या म्हणून सासू भिंतीला डोकं टेकून बसली. नवा चुडा भरायला कासार आणला, तर ती पोरगी हात पुढं करीना. म्हणती, तो घरी आल्यावरच भरीन, त्याच्या डोळ्यांदेखत."

मी स्वयंपाकघरात जाऊन उभी राह्यले. गॅसवर काही नव्हतं, तरी उभी राह्यले.

शनिवारी मी मॅडमकडं गेले. डोळ्यावर हिरवं फडकं, खुर्चीत ताठ बसलेल्या. त्यांना कुणीतरी फोनवर सगळं वाचून दाखवलं होतं.

"आकडा कुठून आणला?"

"तीन चॅनेलवर होता."

"त्या तिघांनी कुणाला विचारलं?"

ते बघायचं मला सुचलंच नव्हतं.

"मी विचारलं आज. तिघांनी एकाच माणसाचा मेसेज उचलला. तीन तोंडं होती, माहिती एकच." एवढंच. आवाज चढवला नाही. मला वाटत होतं त्यांनी ओरडावं, निदान पुस्तक तरी आपटावं. त्या म्हणाल्या, "दुरुस्ती लिहायची आहे. कागद घे."

मी घेतला. त्यांनी सांगितलं ते असं: 'शुक्रवारच्या लेखातला मृत जवानांचा आकडा चुकीचा होता. चूक माझी आहे. खोरवाडीच्या कुटुंबाची मी क्षमा मागते.' आणि खाली त्यांचं नाव.

"मॅडम, चूक तुमची न्हाई. माझी आहे."

"लेखाखाली कुणाचं नाव होतं?"

"पण वाक्य काढायला तुम्ही सांगितलं होतं. मी नाही काढलं. मला ते आवडलं होतं म्हणून."

"हां," त्या म्हणाल्या. "ते मला कळलं होतं. वाक्य चांगलं होतं." मग म्हणाल्या, "तू पंधरा वर्षांची आहेस. तुझं नाव कुठंही येणार नाही. हे असंच राहील."

दुरुस्ती सोमवारी आली, सहाव्या पानावर तळाला, औषधाच्या जाहिरातीच्या वर, चार ओळी. आणि त्याच दिवशी संपादकांचा फोन आला. मी स्पीकर लावून दिला, कारण मॅडमना मोबाइल दिसत नव्हता.

"मॅडम, वाचकांचा फार रोष आहे. आपण थोडी विश्रांती घ्या."

"किती दिवस?"

"बघू ना. तोपर्यंत पुण्याचे एक निवृत्त अधिकारी लिहायला तयार झालेत."

"त्या रस्त्याच्या अहवालाचं काय? ते बराबर होतं."

"आता त्यावर नको, मॅडम. चुकीच्या लेखातलं आहे ते."

एकोणीस वर्षं. मी मोजले नाहीत, पण स्तंभ मिळाल्यापासूनचे मंगळवार-शुक्रवार धरले तर हजाराच्या वर लेख होतील. एका आकड्यात गेले, आणि तो आकडा माझा. त्याहून राग याचा की तो अहवालही माझ्याबरोबर बुडाला. ते वळण तसंच आहे. गाड्या अजून तिथून एकट्याच जात असतील. दुसऱ्याच दिवशी, मंगळवारी, त्या अधिकाऱ्यांचा लेख आला. शत्रूला कसं उत्तर द्यावं यावर तो होता, रस्त्यावर एक ओळ नव्हती. शाळेत मराठीच्या सरांनी तो वर्गात वाचून दाखवला आणि म्हणाले, "याला म्हणतात लेखन." तृप्तीनं माझ्याकडं बघितलं. वर्गात तिला एकटीलाच माहीत होतं.

"तू कशाला तोंड पाडून बसली?" ती म्हणाली. "मॅडमनी सांभाळलं ना. सुटली तू."

"सुटलेच न्हाई."

"मंग काय करणार? फाशी घेणार का?"

"गप बस, तृप्ती."

बुधवारी मॅडम खोरवाडीला जाऊन आल्या. रिक्षा करून, फडकं बांधलेल्या डोळ्यानं. मी येते म्हटलं तर मला नेलं नाही. शाळा चतुराबाईंच्या घरासमोरच, पप्पा ओट्यावरून सगळं बघत-ऐकत होते. चतुराबाईंनी मॅडमना चहा दिला. भांडल्या नाहीत. म्हणाल्या, "बाई, तुमी लिव्हलं म्हणून आमी मानलं. दुसऱ्या कुणाचं असतं तर मानलं नसतं." मॅडमनी मान खाली घातली. बेबीनंदा दारातच आली नाही. आतून फक्त म्हणाली, "त्यांना विचारा, कशाच्या भरवशावर लिव्हलं."

मॅडमनी त्याचं उत्तर दिलं नाही. देणार कसं? त्यांच्याकडं उत्तर नव्हतंच, ते माझ्याकडं होतं.

पप्पांनी हे जेवताना सांगितलं आणि वर म्हणाले, "बाईचं मात्र अवघड झालं. गावातले आता म्हणतेत, बाई पैसे घेऊन लिव्हती." आकडा मी भरला हे पप्पांना अजून माहीत नव्हतं. मम्मीला मी शनिवारीच सांगितलं होतं, आणि मम्मीनं मला शपथ घातली होती की पप्पांना कळू द्यायचं नाही.

मी ताट बाजूला सरकवलं. "पप्पा, तो आकडा मी भरला होता."

मम्मी म्हणाली, "अक्षे."

पप्पांना आधी कळलंच नाही. मग मी पहिल्यापासून सांगितलं, चौकोन, चार वाजताचं पान, तीन चॅनेल, रसाचा ग्लास, सगळं. ते हात न धुता बसून राह्यले. भात बोटांवर वाळला.

"अजून कुणाला माहितीय?"

"मॅडमना, मम्मीला, तृप्तीला."

"बस. आता इथंच थांबव हे." त्यांचा आवाज वर्गातला झाला. "मी त्या गावात नऊ वर्षं शिकवतोय. कल्याणच्या चुलतभावाची दोन पोरं माझ्या वर्गात हायत. उद्या कळलं की सरांच्या पोरीनं हे केलं, तर मी फळ्यासमोर कसा उभा राहू? बदली मागावी लागंल मला."

"मॅडमनं झाकलंय ना," मम्मी म्हणाली. "मोठ्या मनाची बाई. त्यांनी झाकलं ते तू कशाला उघडून राह्यली? आणि दहावीचं वर्ष हाय. ते लिहिणं-बिहिणं बिलकुल बंद. उद्यापासून तिकडं जायचं न्हाई."

"मी लिहिणं बंद करणार न्हाई."

"आता तरी कळलं ना कसं असतं ते?"

"कळलं. म्हणूनच."

पप्पा उठून मोरीत हात धुवायला गेले. नळ बराच वेळ चालू होता. बाहेर आले तेव्हा त्यांचा चेहरा ओला होता आणि टॉवेल खांद्यावरच होता. म्हणाले, "बेटा, तुला काय वाटतं, ते मला कळतंय. पण त्यांचा पोरगा वाचला. चुडा आज न्हाई तर उद्या भरल ती. लोक विसरतेत."

"मॅडमच्या नावावर विसरतील, पप्पा. बेबीनंदावहिनी न्हाई विसरणार. त्यांनी विचारलंय कशाच्या भरवशावर लिहिलं, आणि कुणी सांगितलंच न्हाई त्यांना."

"तू काय सांगणार? टीव्ही बघून लिव्हलं म्हणून?"

"हो. तेच सांगणार. आणि वाक्य मला आवडलं म्हणून ठेवलं, हे पण सांगणार."

मम्मी कपाळावर हात मारून बसली. पप्पा माझ्याकडं बघत राह्यले, जसे ते पाढे चुकवणाऱ्या पोराकडं बघत असतील. मला खरं तर या आठवड्यात त्यांना वेगळंच सांगायचं होतं, की मी अकरावीला सायन्स घेणार नाही, राज्यशास्त्र घेणार आहे. ती भाषणाची तयारी मी नोव्हेंबरपासून केली होती. ते राहिलं. आता ज्याची तयारी केली नव्हती तेच मी उभं राहून सांगितलं:

"मी उद्या शाळेत जाणार न्हाई. पप्पा, सकाळी तुमच्या गाडीवर मागं बसून मी खोरवाडीला येणार. तुम्ही नेलं न्हाई तर मंठ्याच्या एसटीनं वाटूरला उतरीन आणि पुढं चालत जाईन. चतुराबाईंना आणि बेबीनंदावहिनीला मी माझं नाव सांगणार आहे, आणि तुमचंसुद्धा."